एकविसावा नारळ

फोन आला तेव्हा मी नगरच्या आमच्या गॅलरीत, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून शेंगा सोलत बसले होते. आता अहिल्यानगर म्हणायचं, ठाऊक आहे मला, पण जीभ म्हातारी झाली की तिला नवीन वळण लागत नाही. फोन सुनीताचा होता, द्रुपदाच्या सुनेचा. "बाई, आत्याबाई गेल्या..." एवढं बोलली आणि तिला हुंदका आवरेना. अशा वेळी शहाणं माणूस "अरे देवा" म्हणतं, "कधी गं" म्हणतं. माझ्या तोंडून निघालं, "कुणी मारलं?" त्या रडण्यातच सुनीता खुदकन हसली. "कुनी न्हाई वो बाई. आपल्या आपन गेल्या. डाळमिलमधी चाळनीपाशी बसून च्या पीत हुत्या. कप खाली ठिवला, भितीला टेकल्या... मला वाटलं डोळा लागला."

कपसुद्धा कलंडला नाही म्हणे. नवऱ्याच्या दोरखंडापासून गावच्या आबांच्या पुतण्याच्या पहारीपर्यंत ज्या अंगानं सगळं सोसलं, त्याला मरणानं मात्र हात लावला तो बाळाला लावावा तसा. खरं सांगते, मला रागच आला. म्हटलं, द्रुपदे, जन्मभर भांडलीस आणि जाताना अशी गुपचूप? निदान एखादी शिवी तरी हासडायचीस.

खर्ड्याच्या किल्ल्यावर उभं राहिलं तर उन्हात पत्रे चमकताना दिसतील, इतक्या अंतरावर ते गाव. नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून हिंडती-फिरती आहेत आणि त्यांची मुलं पुरवण्या वाचतात. मी तिथं शिक्षिका म्हणून गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. नवरा नगरला कचेरीत, मी तिथं एका खोलीत. डोळ्याला काळा चष्मा, खांद्याला पर्स आणि डोक्यात सुविचार. रोज सकाळी फळ्यावर एक सुविचार लिहायचा आणि उरलेला दिवस त्यावर स्वतःच खूश राहायचं, अशी ती बाई होती. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी फुटपाथ बदलीन.

द्रुपदाला मी पहिल्यांदा पाहिलं ते मार खाताना. ऊसतोडीची टोळी सहा महिन्यांनी परतली होती, चावडीपुढं ट्रक उभा होता, बायका भांडीकुंडी उतरवत होत्या, आणि एक दारू प्यालेला गडी मोळी बांधायच्या दोरखंडानं आपल्या बायकोला झोडपत होता. सगळं गाव सामान उतरवत होतं. मी पर्स सावरत मधे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा! स्त्रीवर हात उगारणं हा भ्याडपणा आहे!" तो इतका चकित झाला की थांबला. "चुकलं बाई," म्हणाला, हातसुद्धा जोडले. मी अशी ताठ मानेनं खोलीवर गेले म्हणता... दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात ती उभी. एक डोळा सुजून पार मिटलेला, ओठ फाटलेला. "बाई, येरवी चार बसायच्या. काल तुमच्या भाषनामुळं आठ बसल्या. पुढल्या टायमाला भाषन नका करू."

"मग काय करू?"

"दगूड हाना."

मी कसला दगड हाणते! तो तिनंच हाणला, म्हणजे कोयता. पुढच्या हंगामात, फडातल्या पाचटाच्या कोपीत त्यानं तिचे केस धरले तेव्हा तिनं कोयत्याची सपाट बाजू त्याच्या कानावर अशी बसवली की तो कान जन्मभर कोबीच्या पानासारखा मुडपलेला राहिला आणि त्या बाजूनं त्याला ऐकू येईनासं झालं. त्यानंतर त्यानं तिच्या अंगाला हात लावला नाही. पुढे दारूनंच तो गेला. त्याच्या दिवसाला ती ढसाढसा रडलेली मी पाहिली आहे. मी आश्चर्य दाखवलं तर म्हणाली, "माजाच हुता की त्यो. तुमी का रडनार?"

आता मुद्द्याचं. तिकडचा भाग कोरडा, पिकली तर तूर पिकते. बायकांनी तूर काढायची, बडवायची, पोत्यात भरून आबांच्या आडतीवर नेऊन घालायची, आणि मग सणाला पाव किलो डाळ त्याच आबांच्या दुकानातून आणायची. आबा म्हणजे गावचे माजी सरपंच, आडतवाले, देवळाचे कारभारी... गावात पान हललं तरी त्यांना विचारून. एके दिवशी द्रुपदा माझ्या खोलीवर आली आणि जात्यावर बसावं तशी बसली. "बाई, तूर आमची आन् डाळ त्येची. मधी हाय काय? येक चक्की. ती आमी का घालू ने?"

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, अक्कल मात्र अजून विशीतच होती. पुण्याचं एक फाउंडेशन गावोगावच्या बायकांना असल्या कामासाठी अनुदान देतं, असं मी वाचलं होतं. अर्ज मागवला. तो भरायला मी सगळी दिवाळीची सुट्टी घालवली. अठरा पानं. 'सक्षमीकरण' हा शब्द इतक्या वेळा घातला की शेवटी शाई फिकी पडली. त्या छापील अर्जात एक प्रश्न होता, 'गावात या कामाला विरोध किंवा वाद होण्याची शक्यता आहे का?' मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आमचे गाव एका कुटुंबाप्रमाणे गुण्यागोविंदाने नांदते.' एकवीस बायकांचा गट जमला होता, त्यांना मी अर्ज वाचून दाखवला. या वाक्यापाशी द्रुपदानं हात वर केला. "बाई, हे कंचं गाव? आपन समद्या तिकडंच ऱ्हायाला जाऊ." बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी चिडले. म्हटलं, अर्जात असंच लिहायचं असतं.

अनुदान मंजूर झालं. जागा म्हणून ग्रामपंचायतीनं जुना कोंडवाडा दिला. पूर्वी मोकाट गुरं पकडून तिथं कोंडत, आता नुसत्या चार भिंती आणि बाभळी. लेखी ठराव झाला नाही, आबा म्हणाले, "गावचंच हाय, कागूद कशाला?" आणि मी मान डोलावली, कारण मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं हाही माझा एक सुविचार होता. लोकांचा वाटा श्रमाचा असावा अशी फाउंडेशनची अट होती. बायकांनी बाभळी तोडल्या, दगड वाहिले, भिंती चढवल्या. द्रुपदाच्या हाताची सालं निघाली. यंत्र आलं, उद्घाटन ठरलं, आणि तिथं मी माझी सर्वांत मोठी हुशारी केली. नारळ फोडायला आबांना बोलावलं.

"बाई, नारळ त्येच्या हातात नगं," द्रुपदा म्हणाली. "हिरीची पयली कुदळ असू, न्हाईतर घराचा पाया. ज्येनं नारळ फोडला त्येची वस्तू."

"अगं, मान दिला की माणूस आपला होतो."

"आबा आपला झाल्यावर आपलं काय उरतंय?"

मी ऐकलं नाही. ताटात हळदकुंकू, वर नारळ, आणि ते ताट मी स्वतःच्या हातानं आबांपुढं धरलं. त्यांनी उंबऱ्यावर असा आपटला की पाणी माझ्या नव्या साडीवर उडालं. मी हसले. टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात आणि तेव्हा मी रेडिओ मोठा करते.

पहिल्याच हंगामात अर्ध्या गावाची तूर आडतीवर गेली नाही, कोंडवाड्यात आली. दुसरा हंगाम लागायच्या आत एका सकाळी मिलच्या दाराला मुठीएवढं कुलूप दिसलं. आबा पुतण्याला आणि आणखी चौघांना घेऊन ओट्यावर बसले होते. बायका जमल्या. आबांचा आवाज कधी चढत नसे. "नारळ कुनी फोडला?" त्यांनी विचारलं. "समद्या गावानं बगितलं. शिकलेल्या बाईनं माज्या हातात दिला. मग मिल कुनाची?" द्रुपदा घरी गेली. वाटलं, संपलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वरवंटा होता, काळ्या दगडाचा, सासूच्या वेळचा. सरळ ओटा चढली आणि कुलपावर घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला वरवंट्याचा टवका उडाला आणि कुलूप तुटून खाली पडलं. तोवर पुतण्या उठला होता. त्यानं पहार घातली ती तिच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज... वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. ती खाली बसली, तर दुसऱ्यानं तोंडावर लाथ घातली. रक्ताबरोबर दोन दात बाहेर पडले. तिनं डाव्या हातानं वरवंटा ओढून पोटाशी धरला आणि त्यावर ओणवी झाली, पोटच्या पोरावर व्हावं तशी. तरी ते मारत होते. तिच्या तोंडून एक शब्द नाही. ओरडत होत्या त्या बाकीच्या बायका, आणि त्यांनाही केसांना धरून ओट्यावरून खाली फेकत होते.

हे मी इतकं नीट सांगू शकते, कारण मी सगळं पाहिलं. शाळेच्या खिडकीतून. खिडकीचे गज मी दोन्ही हातांनी असे धरले होते, जणू मलाच कोणी कोंडलं आहे. दार उघडं होतं. पन्नास पावलं. मी गेले नाही.

त्यानंतर जे केलं ते याहून वाईट. फाउंडेशनचा सहामाही अहवाल द्यायचा होता आणि अटींमध्ये होतं की जागेबाबत वाद आढळला तर मदत थांबेल. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे यंत्र तात्पुरते बंद. महिलांमध्ये प्रचंड उत्साह.' द्रुपदाचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, तोंड सुजलेलं, पेजेवर होती ती. उत्साह!

अहवाल पाठवून पंधरा दिवस होत नाहीत तो फाउंडेशनचे साहेब न कळवता गाडी घेऊन हजर. चाळिशीचे, मितभाषी गृहस्थ. आम्ही कोंडवाड्यापुढं बायका उभ्या केल्या. मी द्रुपदाच्या कानाशी लागले, "पदर घे हातावर. आणि फोटोत तोंड मिटून हस." तिनं माझ्याकडे पाहिलं. पदर ओढून प्लास्टर झाकलं. साहेबांनी फोटो काढला. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?" आणि द्रुपदानं पदर झटकून टाकला, तोंड उघडून दातांच्या जागा दाखवल्या. "ह्यो हात पहारीनं मोडला. हे दात लातनं पाडले. मिलला कुलूप घातलं हुतं, मी तोडलं, तर पुन्यांदा घातलं. आता लिवा, सायेब."

साहेब माझ्याकडे वळले. "अहवालात हे नाही."

आयुष्यभराचे सुविचार एका क्षणात पुसले गेले. मी तोंड उघडायच्या आत द्रुपदा बोलली, "बाई लिवत हुत्या. मीच लिवू दिलं न्हाई. म्हनलं, सायेब घाबरतील." तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते नेसून उभी राहिले.

साहेबांनी ते कुलूप हातानं ओढून पाहिलं. म्हणाले, "जागा बायकांची आहे असा ठराव ग्रामसभेत लेखी झाला, तर मी पुण्यात भांडेन. नाही झाला, तर यंत्र परत न्यावं लागेल. माझ्या हातात एवढंच आहे." आठ दिवसांनी ग्रामसभा बोलावली. तेवढ्या अवधीत द्रुपदा घरोघर फिरली. माझ्याकडे आली नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. गडी पुढं, बायका मागं, टेबलापाशी ग्रामसेवक आणि आबांच्या मर्जीतले सरपंच. आबा उभे राहिले, तोच शांत आवाज. "नारळ मी फोडला. कुनाला काय म्हनायचं हाय?" नुसते कावळे ओरडत होते. "मारहानीचं काय म्हनत्यात. कुनी बगितली?" पुन्हा कावळे. मी बायकांत उकिडवी बसून, मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत होते. तेवढ्यात माझ्या कंबरेत मागून एक टाच बसली, अशी सणसणीत की मी धडपडत चार पावलं पुढं गेले आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले. माझ्या आयुष्यातलं एकमेव धाडस हे असं लाथेनं झालं. मागं वळून पाहिलं तर द्रुपदा, प्लास्टरचा हात छातीशी धरून, अगदी निष्पाप चेहऱ्यानं बसलेली.

आता उभी राहिलेच होते. "नारळ मी दिला त्यांच्या हातात," मी म्हणाले. आवाज कोंबडीसारखा निघाला. "द्रुपदा नको म्हणत होती. त्या नारळानं काही ठरत नाही, ती माझी चूक आहे. आणि हात मोडताना मी पाहिलं आहे, खिडकीतून. पहार कोणाच्या हातात होती ते मी पोलिसांना लिहून देते. अहवालही मीच खोटा लिहिला..."

वाक्य पुरं झालं नाही. दगड आला तो कपाळावर. डोळ्यांत रक्त उतरलं आणि पुढचं मी लाल पडद्यातून पाहिलं. बायका उठल्या. वीस-पंचवीस वर्षं ज्यांना मी खाली मान घालून पाणी भरताना पाहिलं होतं, त्या चपला, खराटे, खुर्च्या, हाताला येईल ते घेऊन तुटून पडल्या. एकीनं दगड मारणाऱ्याचा कान दातांत धरला तो तिघांनी सोडवला तेव्हा सुटला. पुतण्या द्रुपदाच्या अंगावर धावला, तिनं प्लास्टरचा हात डोक्यावर उचलला आणि त्याच्या टाळक्यात घातला. प्लास्टरही फुटलं आणि टाळकंही. आबांचा फेटा सुटून पायांत आला, ते त्यातच अडकून पडले, आणि त्यांना उचलायला कोणी वाकलं नाही. तो शांत आवाज प्रथमच चिरकला. ग्रामसेवक टेबलाखाली शिरले होते. द्रुपदा खाली वाकून त्यांना म्हणाली, "भाऊसायेब, हितंच बसून लिवा. ठराव. मी सांगती." मग ती गड्यांकडे वळली. "ज्येंच्या बायका मिलमधी हायती त्येंनी हात वर करा." हात वर झाले. काही पटलं म्हणून, काही लाजेनं, आणि बरेचसे यासाठी की संध्याकाळी त्यांना घरी जेवायला जायचं होतं.

मी जबाब लिहून दिला. पुतण्या आत गेला. माझ्या कपाळाला चार टाके पडले, कुंकू लावताना बोट अजून तिथं अडखळतं. द्रुपदाचा हात दुसऱ्यांदा बांधला तो वाकडाच जुळला. मी तिच्यापुढं रडले, म्हटलं, तेव्हाच मी धावत यायला हवं होतं. ती म्हणाली, "आला असता तर तुमचाबी हात मोडला असता. मग जबाब कुनी लिवला असता? आमाला कुटं येतंय." याला क्षमा म्हणावं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्यानंतर मी निवृत्त होऊन नगरला आल्यावरही तिच्या प्रत्येक फोनची सुरुवात हीच असायची, "काय बाई, खिडकीत का दारात?"

मिल पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा नारळाचा प्रश्न निघालाच. द्रुपदा म्हणाली, "येकीनं फोडला की येकीचा हुतो. समद्यांनी फोडा." एकवीस बायकांनी एकवीस नारळ एकाच वेळी त्या उंबऱ्यावर आपटले. काय तो आवाज! आबांनी आडतीत बसून ऐकला असेल. पुढे आबा बरीच वर्षं जगले, आमच्याच मिलची डाळ खाऊन. आणि साहेब? ते मला एकदा म्हणाले, "बाई, हल्ली अहवालात सगळं छान छान असलं की मी लगेच गाडी काढतो."

द्रुपदाच्या तेराव्याला मला जाता आलं नाही, गुडघ्यांनी दगा दिला. मागच्या आठवड्यात गेले. मिलमध्ये नवी चाळणी आली आहे, त्याच फाउंडेशनच्या मदतीतून. अर्ज सुनीतानं मोबाईलवर भरला, दीड पानी. विरोध होण्याची शक्यता आहे का, या प्रश्नापुढं तिनं काय लिहिलं ते दाखवलं मला, 'आहे. आम्ही तयार आहोत.' अठरा पानं लिहिणाऱ्या त्या काळ्या चष्म्याच्या बाईला हे वाक्य सात जन्मांत सुचलं नसतं.

उंबऱ्यापाशी बायका नारळ घेऊन उभ्या होत्या. दाराला टेकण म्हणून तोच वरवंटा, टवका उडालेला. ताटात एक नारळ उरला. सुनीतानं तो उचलून माझ्या हातात दिला. "आत्याबाईंचा. तुमी फोडा." मी नको नको म्हणत होते... ज्या हातांनी एकदा आबांपुढं ताट धरलं तेच हे हात. पण बायका थांबल्या होत्या, हात उंचावून. मी खाली बसले, नारळ उंबऱ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी वरवंटा उचलला. एकवीस नारळ एकदम फुटायचे होते, वीसच फुटले. माझा नुसता टण्ण वाजला. पुन्हा मारला, घरंगळत गेला. एक पोरसवदा सून तो उचलून आणत होती, आणि मागून सुनीताचा आवाज आला, अगदी सासूचा सूर.

"बाई, लाथ घालू का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कंबरेत, बरोब्बर त्या जागी, एक कळ उठली. तिसरा घाव मी बघून घातला नाही, पण नारळ फुटला. पाणी उंबऱ्यावरून वाहत खाली ठेवलेल्या वरवंट्याच्या त्या खाचेत साचलं, आणि मी दारात बसून ते वाळेपर्यंत उठले नाही.